रामटेके सरांचा उजवा कान

यशवंत रामटेके यांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं, हे कळायला मला चार वर्षं लागली. चार वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून काम केलं, त्यांच्याबरोबर रिक्षाने पुणं पालथं घातलं, त्यांच्याकडून दिवसाला दहा सूचना ऐकल्या. ते आता नागपूरला मुलीकडे असतात. त्यांची आठवण आली की आधी राग येतो आणि मग बाकीचं काय यायचं ते येतं.

आमची संस्था लहान. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक गॅलरी आणि एक लोखंडी कपाट. शहरातल्या कामकरी माणसांची बोली, त्यांच्या कामाचे शब्द, त्यांच्या हाका हे सगळं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं, हे आमचं काम. शब्दांचं मी बघायची. आवाजाचं सर बघायचे. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. बाविसाव्या वर्षी पुण्यात आले, बुधवार पेठेत एका रेडिओ-टेपच्या दुकानात दुरुस्तीला लागले आणि पुढे लोकांची भाषणं, गाणी, मुलाखती रेकॉर्ड करत फिरले. माणूस उंच, काटक, शर्टाच्या दोन्ही खिशांना बटणं. ती बटणं नेहमी लावलेली, कारण वाकल्यावर खिशातलं पेन यंत्रावर पडतं.

पहिल्याच दिवशी मी हेडफोन उचलून कानाला लावले आणि त्याची पिन यंत्रात खुपसायला गेले. सरांनी माझं मनगट धरलं.

"मॅडम, कान किती आहेत?"

"दोन."

"दुकानात मिळतात?"

मी हेडफोन कानांवरून काढले.

"मग आधी पिन, मग कान, मग आवाज. आवाज शून्यावरून वर. म्हणून दाखवा."

मी एम.ए. झालेली, पस्तिशीची बाई. मी म्हणून दाखवलं. त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं आणि वर, "पाठांतर बरं आहे, आता हात तसा चालू द्या," असंही ऐकवलं.

दुसरा नियम हेडफोन घालण्याचा. दोन्ही कान झाकायचे नाहीत. डाव्या कानावर हेडफोन, उजवा भाग मागे सरकवून कान मोकळा. "एक कान यंत्राला, एक कान जगाला," असं ते म्हणायचे. रस्त्यावर, बाजारात, कारखान्यात दोन्ही कान बंद करून उभा राहिलेला माणूस म्हणजे डोळे बांधून उभा राहिलेला माणूस. कॉलेजची मुलंमुली शिकायला आली की पहिला अर्धा तास यावरच. मुलं आपसात म्हणायची, "सर सॉलिड आहेत, पण किती सेफ्टी यार!" सर ऐकून न ऐकल्यासारखं करतात असं वाटायचं. आता वाटतं, ती मुलं उजवीकडे बसली असणार.

ज्यांना सरांबरोबर बाहेर जावं लागलं नाही, त्यांना ते फार आवडायचे. मला जावं लागायचं.

नारायण पेठेतच अक्षरांचे खिळे जुळवणारे एक निवृत्त गृहस्थ राहायचे. छापखान्यातली त्यांची भाषा नोंदवायला आम्ही सकाळी दहाला गेलो. सरांनी आधी दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे जाणारी वाट बघितली, मग वायर भिंतीच्या कडेने नेली आणि पट्टीने इंच-इंच चिकटवली. वायरीत पाय अडकून माणूस पडला की यंत्रही पडतं, आणि माणूस यंत्रावर पडला तर दोन्ही जातात, हे त्यांचं म्हणणं. खरंच आहे. पण त्यात पाऊण तास गेला. एवढ्यात घरच्या बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. सरांनी हात वर केला.

"थांबा. गरम पातळ पदार्थ यंत्रावरून न्यायचा नाही. गॅलरीच्या खिडकीतून द्या."

बाई ट्रेसकट उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुणे दारातून येतात आणि चहाही दारातूनच येतो. खिडकीतून आम्ही कावळ्याला घालतो."

मी हसू दाबलं. सर हसले नाहीत. ते उठले, गॅलरीत गेले आणि खिडकीपाशी कावळ्यासारखे उभे राहिले. बाईंनी मुकाट्याने तिथे चहा दिला. मुलाखत छान झाली. पण निघताना चिकटपट्टी ओढली तर तिच्याबरोबर भिंतीचा चार हात रंग निघून आला. बाईंनी त्या पट्टीकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि विचारलं, "हे यंत्राच्या सुरक्षिततेसाठी होतं का?" पुढच्या रविवारी सर स्वतः ब्रश घेऊन गेले आणि ती कड रंगवून आले. रंग जुळला नाही, हे मला बाईंनी फोन करून सांगितलं.

बॅटऱ्यांचं तर विचारूच नका. चार सेल एकत्र घातले की ते चार एकत्रच निघायचे, जुना नव्यात मिसळायचा नाही, काम झालं की यंत्रातून काढून ठेवायचे, नाहीतर गळतात आणि आतलं सगळं खातात. प्रत्येक सेलवर बारीक अक्षरात संचाचा नंबर. बुधवार पेठेत आम्ही सेल घ्यायला गेलो की सर एकाच खोक्यातले, एकाच तारखेचे चार मागायचे, एक जरी वेगळा निघाला तर परत. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, वापरायचेत का लग्न लावायचंय? पत्रिका आणू का?" सर शांतपणे म्हणाले, "आणा. गुण जुळले तर घेतो."

त्याच दिवशी फुटपाथवर त्यांनी माझी पर्स उपडी केली. अक्षरशः उपडी केली. मी दोन सुटे सेल पर्समध्ये टाकल्याचं त्यांनी पाहिलं होतं आणि त्याच कप्प्यात किल्ल्यांचा जुडगा होता. सुटा सेल आणि लोखंड एकत्र आलं की सेल तापतो, कधी पेटतो. बरोबर आहे. पण म्हणून माझा कंगवा, औषधाच्या गोळ्या आणि अर्धी खाल्लेली चिक्की येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायची? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर सेल ठेवायची प्लास्टिकची डबी होती, तिच्यावर माझं नाव. माफीबिफीची चिठ्ठी नव्हती.

आमचं खरं भांडण झालं ते स्टिरिओवरून. नवीन यंत्र आलं होतं. त्यात डावा-उजवा दोन्ही आवाज वेगवेगळे धरायची सोय होती. बाजाराचा आवाज असा धरला, तर ऐकणाऱ्याला कळेल की हातगाडी इकडून आली, फेरीवाला तिकडे गेला. मी हरखून गेले. सरांनी यंत्र हातात घेतलं, बटण एकाच आवाजावर ठेवलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

"सर, हे काय?"

"माणसाला तोंड एक. आवाज एक. दोन कशाला?"

"कान दोन आहेत म्हणून. तुम्हीच सांगता."

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "मी असेपर्यंत एकच," एवढं म्हणून ते उठून गेले. मी याला जुन्या माणसाचा अडेलतट्टूपणा समजले आणि तसं चार जणांना सांगितलंही. संस्थेत एकमत झालं की रामटेके सर नव्याला घाबरतात.

आणखीही होतं. रिक्षात ते नेहमी उजव्या टोकाला बसायचे, आधी कोणी बसलं असेल तर उठवून. बैठकीत उजवीकडची शेवटची खुर्ची त्यांची. उजव्या बाजूने कोणी काही विचारलं तर उत्तर नाही. नवीन लोकांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. मीच समजूत घालायची, "तीस वर्षं पुण्यात काढली आहेत त्यांनी. लागतंच थोडं पाणी." आम्ही हसायचो. इतकं समोर होतं सगळं, आणि मी ज्या कामाचा पगार घेत होते ते काम ऐकण्याचंच होतं.

मार्केट यार्डात बबनराव नावाचे मापाडी होते. पोती उतरवताना ती मोजायची आणि तोलून घ्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मोजताना ते एका ठेक्यात म्हणायचे आणि पहिल्या पोत्याला कधी एक म्हणायचे नाहीत. धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणायची जुनी रीत आहे. यार्डात ती आता फार थोड्या तोंडांत उरलीय, आणि बबनराव दिवाळीनंतर गावी जाणार होते. म्हणून आम्ही सकाळी सातला तिथे हजर झालो.

सरांनी आवाजाची पातळी जुळवायला सांगितलं, "एक ते दहा म्हणा."

बबनराव म्हणाले, "लाभ, दोन, तीन..."

"एकपासून म्हणा."

"एकपासनंच म्हनतोय की."

"एक कुठे म्हणालात?"

"आमी एक न्हाई म्हनत. एक म्हनलं की एकावरच ऱ्हातंय. लाभ म्हनायचं."

सर प्रसन्न झाले. मला म्हणाले, "मॅडम, लिहा. हे लिहिण्यासारखं आहे." कधी नव्हे ते कौतुक. मी वही घेऊन दहा हातांवर एका पोत्यावर बसले. ट्रकमधून पोती उतरू लागली. बबनराव मोजू लागले. सर त्यांच्यासमोर माइक धरून उभे राहिले, यंत्राची पिशवी एका खांद्यावर, कारण पट्टा गळ्यात घालायचा नाही, कशात अडकला तर गळा आवळतो. डाव्या कानावर हेडफोन. उजवा कान जगाला.

उजवीकडून एक टेम्पो मागे येऊ लागला. मागे येताना वाजणारी त्याची ती पिपाणी सुरू झाली. दोन हमाल ओरडले, "ओ मामा, सरका!" सर हलले नाहीत. टेम्पो आणखी जवळ. "ओ मामा!" मी उभी राहिले. सरांच्या कपाळाला आठी पडली, म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. मी सुटकेचा श्वास टाकला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा अंगठा यंत्राच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी रेकॉर्डिंगचा आवाज कमी केला.

त्यांना पिपाणी ऐकू येत होती ती माइकमधून, डाव्या कानात, बबनरावांच्या मोजणीच्या मागे कुठेतरी. त्यांना वाटलं, लांब कुठे गोंगाट आहे, रेकॉर्डिंग बिघडतंय. टेम्पो तीन हातांवर असताना त्या माणसाने टेम्पोचा आवाज बारीक केला.

मी "सर!" म्हणून ओरडत धावले आणि पिशवीचा पट्टा धरून जोरात ओढला. पट्टा एका खांद्यावरच होता. सरांच्याच नियमाप्रमाणे तो अलगद निघाला, पिन सुटली आणि यंत्र सुखरूप माझ्या हातात आलं. माणूस तिथेच. बबनरावांनी मोजणी टाकून त्यांची कॉलर धरली आणि खेचली, तरी टेम्पोच्या फळीचा फटका उजव्या हाताला बसलाच. सर पडले. टेम्पोवाला खाली उतरून म्हणाला, "बहिरे आहेत काय हे?"

"अहो, काय बोलताय?" मी त्याच्या अंगावर ओरडले. "आवाजाचे मास्टर आहेत ते!"

दवाखान्यात मनगटाचा फोटो काढला. हाड मोडलं होतं. प्लास्टर करून आम्ही बाहेर बाकावर बसलो, आणि मी बोलायला सुरुवात केली. चार वर्षांचं सगळं काढलं. चिकटपट्टी, चहा, पर्स, स्टिरिओ. दुसऱ्याला अक्कल शिकवणारा माणूस वाजत येणाऱ्या टेम्पोसमोर उभा राहतो म्हणजे काय, हे विचारलं. श्वास घ्यायला थांबले तर सर समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होते.

"सर, मी तुमच्याशी बोलतेय!"

उत्तर नाही. मग त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. प्लास्टरचा हात सावरत ते उठले, मला ओलांडून पलीकडे गेले आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसले.

"आता बोला. या कानाशी बोला." आणि मग, पुण्यात इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या बोलीत ते म्हणाले, "त्या कानानं मले आयकू येत नाही ना."

बुधवार पेठेतल्या दुकानात असताना, दोन्ही हात कामात म्हणून हेडफोनचा एक भाग त्यांनी खांद्याने उजव्या कानाशी दाबून धरला होता, आणि शेजारी काम करणाऱ्याने आवाज पूर्ण वर ठेवून पिन खुपसली. एक किंचाळी आली. त्या दिवशी अर्धा कान गेला, उरलेला हळूहळू पुढच्या वर्षांत. वय चोवीस. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्याला रेकॉर्डिंगला कोण बोलावणार?

"आणि मुलांना शिकवता एक कान जगाला? तुमच्या त्या मोकळ्या कानात जग कुठे येत होतं?"

"त्यांचा चांगला आहे ना. माझा नाही म्हणून नियम खोटा होतो का?"

मला त्यांना हलवून हलवून विचारावंसं वाटलं, की उजव्या कानावर हेडफोन ठेवून डावा मोकळा का नाही ठेवला? पण मग ऐकणार कशाने? इतका साधा हिशोब होता. काम ऐकायचं की टेम्पो ऐकायचा, आणि रोज सकाळी ते काम निवडत होते.

"सोमवारपर्यंत तुम्ही सांगा," मी म्हणाले, "नाहीतर मी सांगेन."

"सांगितलं की मला कपाटाची किल्ली देऊन आत बसवतील. आत बसून काय ऐकू? पंखा?"

मला रडू येत होतं आणि रडायचा अधिकार आपला नाही असंही वाटत होतं, म्हणून मी रिक्षा बोलवायला उठले. रिक्षात ते उजव्या टोकाला बसले. पहिल्यांदाच मी न कुरकुरता सरकले.

घरी गेल्यावर मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. लाभ, दोन, तीन, चार. मग पिपाणी. आणि मग पिपाणी, हमाल, बबनराव, सगळे एकदम लांब जातात, कोणीतरी दार लोटून घेतल्यासारखे. त्या लांबूनच माझी हाक येते, "सर!" फार बारीक.

कपाटातलं प्रत्येक यंत्र बाहेर नेताना एका रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. वस्तू, दोष, कोणी नेली, सोबत कोण, परत आणल्याची सही. सोमवारी सकाळी मी नवीन पान उघडलं तर डाव्या हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत ओळ होती:

"उजवा कान. दोष: पूर्ण बंद, दुरुस्ती नाही. सोबत माणूस असल्याशिवाय बाहेर काढू नये. य. रामटेके."

संचालकांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "सोबत कोण?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर आठ महिने मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिले. प्लास्टर निघाल्यावर पहिले गेलो ते यार्डात बबनरावांकडे, त्यांचं सामान बांधून झालं होतं तेव्हा. मी सरांची बाही धरून ठेवली होती. गाडी आली की बाही ओढायची, ते न बघता अर्धं पाऊल सरकायचे, मोजणी चालू राहायची. काम बिनचूक झालं. संपल्यावर मी कौतुकाच्या अपेक्षेने बघितलं, तर म्हणाले, "बाही ओढताना तुमच्या बांगड्या वाजतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये आल्या आहेत." त्या दिवसापासून मी कामाला बांगड्या घालत नाही. स्टिरिओच्या बटणावरची पट्टीही त्यांनी काढली. डावं-उजवं मी ऐकायची आणि त्यांना हाताने दाखवायची. त्यांना ते फार आवडायचं. कुठून काय आलं हे लहान मुलासारखं पुन्हा पुन्हा विचारायचे आणि मला काम सुचू द्यायचे नाहीत.

मग मुलीने नागपूरला बोलावून घेतलं. शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही पेढे आणेपर्यंत ते निघूनही गेले होते. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. शाई ओली होती. "उजवा कान. नेला: कायमचा." पुढे 'सोबत कोण' हा रकाना मोकळा.

मला असा संताप आला. मी गॅलरीत धावले. सर खाली दारातून बाहेर पडून उजवीकडे वळले होते, गॅलरी त्यांच्या उजव्या कानाला ठेवून, आणि खांद्याला पिशवी लावून गर्दीतून एकटेच चालले होते. स्कूटर त्यांना घासून गेली. मी कठड्यावरून वाकून जीव तोडून हाक मारली, "सर! अहो सर!"

सगळी गल्ली थांबून वर बघायला लागली. सर सोडून.